रुजू न झालेला सेनापती

आल्प्स पर्वताच्या फ्रेंच हद्दीत, ग्रनोब्ल शहराच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर, बेलदोन आणि ग्राँद रूस या दोन रांगांच्या चिमटीतून ओ दोल नावाची एक खळाळती नदी वाहते. आणि तिच्या अरुंद खोऱ्यात, आलमों या मूळ गावापासून बरीच वर, डोंगराच्या कुशीला बिलगून ल रिव्हिए नावाची एक वाडी वसलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मूळ गावठाणापासून तुटून राहिलेल्या चार उंबऱ्यांच्या वाड्या असतात, तशीच ही. फरक इतकाच की आपल्या वाड्यांना पाऊस कोंडून ठेवतो आणि हिला बर्फ. वाडीतून जाणारा रस्ता पुढे ग्लाँदों आणि क्रुआ द फेर या दोन खिंडींकडे चढत जातो. फ्रान्सच्या त्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचे स्वार अनेक वर्षी याच चढावर घाम गाळीत गेले आहेत, आणि त्यांना पाहण्यासाठी जमलेल्या मंडळींपैकी फारच थोड्यांची पावले वाडीच्या दफनभूमीकडे वळली असतील. तेथे, पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखलेल्या आणि गवत कापलेल्या स्थानिक कुळांच्या थडग्यांच्या सोबतीस, परमुलखातील दहा माणसे पुरलेली आहेत: ब्रिटिश शाही वायुदलाचा एक अत्यंत वरिष्ठ सेनापती, त्याची पत्नी आणि त्यांचे विमान चालविणारे आठ जण.

या दहांपैकी एकाचाही त्या वाडीशी कधी काडीचा संबंध आलेला नव्हता. ते निघाले होते आपल्या बाजूस. सेनापतीच्या नावाचे नेमणुकीचे फर्मान लंडनमध्ये निघालेले होते, आणि ते ज्या सुभ्याचे होते त्याचा तळ हिंदुस्थानात आणि सदर मुक्काम सिंहलद्वीपात कँडी येथे होता. १४ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनजवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावरून उडालेले ते विमान कँडीस पोचले असते, तर ल रिव्हिएचे नाव आलमोंच्या गावकऱ्यांपलीकडे कोणी ऐकलेही नसते, आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेच्या इतिहासात ट्रॅफर्ड ली-मॅलरी हे नाव आज जेथे एखाद्या तळटीपेत येते तेथे ते प्रकरणाच्या मथळ्यावर आले असते.

मॅलरी हे नाव ऐकताच वाचकाच्या मनात जे येईल ते यथार्थच आहे. एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर ८ जून १९२४ रोजी ढगांच्या पडद्याआड अदृश्य झालेला जॉर्ज मॅलरी हा या ट्रॅफर्डचा सख्खा थोरला भाऊ. इंग्लंडच्या चेशर परगण्यात मॉबर्ली नावाचे एक खेडे आहे, तेथील चर्चचे धर्मोपदेशक हर्बर्ट ली मॅलरी यांची ही मुले; जॉर्ज १८८६ चा आणि ट्रॅफर्ड १८९२ चा. बापाने १९१४ मध्ये ‘ली’ आणि ‘मॅलरी’ ही दोन नावे संयोगचिन्हाने जोडून कायदेशीर आडनाव करून घेतले. धाकट्याने ते जन्मभर चालविले आणि थोरला नुसता मॅलरीच राहिला, त्यामुळे पुढे हे दोघे भाऊ असल्याचे अनेकांच्या ध्यानातच येत नसे. थोरल्याला लहानपणापासून उंचावर चढण्याचा नाद होता, आणि बाप आत उपदेश करीत असता मुलगा त्याच चर्चच्या छपरावर चढलेला सापडावा, असे त्याच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितलेले किस्से आहेत. धाकट्याविषयी असे किस्से नाहीत. तो हेलीबरीच्या शाळेत गेला. एकेकाळी कंपनी सरकारचे मुलकी अंमलदार हिंदुस्थानात रवाना होण्यापूर्वी ज्या इमारतींत फारसी आणि संस्कृत घोकीत बसत, त्याच इमारतींत १८५७ च्या धामधुमीनंतर काही वर्षांनी ही शाळा उघडण्यात आली होती. तेथून तो थोरल्याच्याच पावलावर पाऊल टाकून केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात दाखल झाला. बॅरिस्टर होण्याचा त्याचा विचार होता. त्याच कॉलेजात आर्थर टेडर नावाच्या एका तरुणाशी त्याचा परिचय झाला. हा टेडर पुढे या कथेत पुन्हा भेटणार आहे.

धाकट्याची कथा सांगण्यापूर्वी थोरल्याच्या आयुष्यातील एका दिवसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही, आणि तो दिवस १९२४ मधील नव्हे. एव्हरेस्टच्या दुसऱ्या मोहिमेत, ७ जून १९२२ रोजी, नुकताच ताजा बर्फ पडून गेलेला असताना, जॉर्ज मॅलरी आपले सोबती आणि दोरीला बांधलेले हमाल यांसह उत्तर खिंडीच्या चढणीवर निघाला, आणि त्या ताज्या बर्फाचा थर सुटून खाली आला. साहेब मंडळी वाचली. मागच्या दोऱ्यांवरचे सात हमाल कड्याखाली गेले. त्या चढाईचा निर्णय आपला होता ही जाणीव मॅलरीला लागून राहिली, आणि त्याच्या पत्रांतून त्याने तो दोष स्वतःकडे घेतलेला दिसतो. दोन वर्षांनी पुढच्या मोहिमेने आपल्या तळावर दगडांची एक रास रचून तिच्यावर या पर्वतावर प्राण गेलेल्यांची नावे कोरली, तीत त्या सातांचीही नावे होती. वाट दाखविणारा कोण, दोरीच्या मागल्या टोकाला कोण, आणि बर्फ सुटतो तेव्हा प्रथम कोण जातो, हा प्रश्न या घराण्याच्या इतिहासात येथे पहिल्यांदा उभा राहिला.

धाकट्याचे आयुष्य पहिल्या महायुद्धाने घडविले. १९१४ मध्ये तो साधा शिपाई म्हणून पलटणीत दाखल झाला, लवकरच अंमलदार झाला, १९१५ च्या वसंतात ईप्रच्या दुसऱ्या लढाईत जखमी झाला, आणि त्याच वर्षी डॉरिस सॉयर हिच्याशी विवाहबद्ध झाला. पुढच्या वर्षी तो नव्याने उभारलेल्या वायुपथकांत शिरला. युद्धाच्या अखेरच्या वर्षी त्याच्या पथकाकडे रणगाड्यांना आकाशातून साह्य करण्याचे काम होते, आणि जमिनीवरची फौज व आकाशातली फौज यांचा मेळ कसा घालावा या विषयात त्याने तेव्हापासून नाव मिळविले. युद्ध संपल्यावर वकिलीकडे परतावे असे त्याच्या मनात आले होते. परंतु तेथे आशा फारशी दिसेना, म्हणून तो वायुदलातच राहिला. अशा किरकोळ कारणांनी माणसांची आयुष्ये कोठल्या कोठे वळतात, याचे नवल वाटते.

१९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यावर, जर्मन विमानदळाने इंग्लंडवर जो मारा आरंभिला, त्याच्या प्रतिकाराची सारी सूत्रे ह्यू डाउडिंग या मितभाषी सेनापतीच्या हाती होती. लंडन आणि आग्नेय किनारा ज्या ११ व्या गटाच्या हद्दीत येत होता त्याचा अंमल कीथ पार्क या न्यूझीलंडच्या माणसाकडे, आणि त्याच्या उत्तरेचा, मध्य इंग्लंडचे कारखाने राखणारा १२ वा गट ली-मॅलरीकडे. या दोघांचे पटत नव्हते. पार्कचे म्हणणे असे की शत्रूची विमाने किनारा ओलांडून आपल्या विमानतळांवर बाँब टाकण्यापूर्वीच, हाताशी असेल त्या एक-दोन पथकांनिशी त्यांच्यावर झेप घालावी. आणि आपण वर असताना शेजारच्या गटाने मागाहून येऊन आपले तळ राखावेत. ली-मॅलरी आणि त्याच्या हाताखालचा, दोन्ही पाय कापले गेल्यावर धातूच्या कृत्रिम पायांनी विमान चालविणारा डग्लस बेडर यांचे म्हणणे असे की तीन किंवा पाच पथके एकत्र जमवून मोठा थवा करावा आणि एकदाच असा तडाखा द्यावा की शत्रू पुन्हा येऊ नये. थवा जमेपर्यंत शत्रू बाँब टाकून परतत असे, आणि पार्कचे तळ उघडे पडत, ही पार्कची तक्रार. वादाचे युद्धशास्त्र येथे उकलण्याचे प्रयोजन नाही. पुढच्या इतिहासकारांचा कौल बहुतांशी पार्ककडे झुकलेला आहे, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. १७ ऑक्टोबरला लंडनमध्ये वायुखात्याच्या कचेरीत जी मसलत भरली, तीत ली-मॅलरीने आपल्याबरोबर बेडरला, म्हणजे केवळ एका पथकाच्या नायकाला, थेट बड्या सेनापतींसमोर नेऊन बसविले. वरिष्ठ स्वस्थ बसून ऐकत होते आणि कनिष्ठ बोलत होता. वर्ष संपायच्या आत डाउडिंग आपल्या जागेवरून गेला, पार्कची रवानगी वैमानिकांच्या शिक्षणखात्यात झाली, आणि पार्कच्या रिकाम्या खुर्चीवर ली-मॅलरी येऊन बसला. पार्कने हा अपमान मनात ठेवला; आणि मनात ठेवण्यासारखा तो होताच.

पुढची चढण जलद होती. १९४२ च्या नोव्हेंबरात सारे लढाऊ विमानदळ त्याच्या हाती आले, आणि १९४३ च्या अखेरीस नॉर्मंडीवर उतरणाऱ्या मित्रसैन्यांच्या आकाशसेनेचा तो सरसेनापती झाला. त्याच्या वर आयझेनहॉवर, आणि आयझेनहॉवरचा उपसेनापती म्हणून तोच केंब्रिजचा जुना परिचित टेडर. ली-मॅलरी हा गर्विष्ठ, हट्टी आणि समोरच्याला गप्प करणारा गृहस्थ होता, असे त्याच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकन सेनापतींशी तर त्याचे मुळीच जमले नाही. परंतु १९४४ च्या मे महिन्याच्या अखेरीस जे घडले त्यात या माणसाची एक निराळी बाजू दिसते, आणि आपल्या कथेचे मर्म मला त्या बाजूत दिसते.

हल्ल्याच्या आदल्या रात्री दोन अमेरिकन डिव्हिजने, ८२ वी आणि १०१ वी, काही छत्र्यांनी आणि काही इंजिनविरहित ग्लायडरांतून, शत्रूच्या पिछाडीस कोतांतँ द्वीपकल्पावर उतरवावयाची असा बेत होता. ऐन वेळी बातमी आली की जर्मनांनी नेमक्या त्याच टापूत नवी कुमक आणून ठेवली आहे. ली-मॅलरी स्वतः आयझेनहॉवरकडे गेला आणि त्याने स्पष्ट सांगितले की हा बेत रद्द करावा; छत्रीने उतरणाऱ्यांपैकी निदान निम्मे आणि ग्लायडरांतून उतरणाऱ्यांपैकी ७० टक्के लोक लढाईस तोंड लागण्यापूर्वीच कामास येतील, आणि ही निव्वळ कत्तल होईल. आयझेनहॉवरने त्याला आपले म्हणणे लेखी देण्यास सांगितले. हेतू असा की उद्या भाकीत खरे ठरलेच, तर सल्ला देणाऱ्यावर ठपका येऊ नये. ज्याने निर्णय घेतला त्याच्यावरच तो यावा. मग आयझेनहॉवर आपल्या तंबूत एकटा जाऊन बसला, साऱ्या बेताचा पुन्हा एकवार अगदी मुळापासून विचार केला, आणि बाहेर येऊन कळविले की ठरल्याप्रमाणेच होईल. पुढे ४ जूनच्या रात्री, वादळामुळे मुहूर्त एकदा पुढे ढकलला गेला असताना, हवामानखात्याच्या स्टॅग नावाच्या अंमलदाराने जेव्हा थोड्या उघडिपीची आशा दाखविली, तेव्हाही ढगांमुळे आपली विमाने नीट काम करू शकतील किंवा नाही याविषयी शंका घेणाऱ्यांत ली-मॅलरी होता. निर्णय पुन्हा एकट्या आयझेनहॉवरचा झाला.

५ जूनच्या रात्री छत्रीधारी उतरले. विखुरले पुष्कळ, भरकटले पुष्कळ, मेलेही. परंतु ली-मॅलरीने जे आकडे भाकिले होते त्यांच्या आसपासही हानी झाली नाही. आणि मग या हट्टी माणसाने आपण होऊन आयझेनहॉवरला पत्र लिहिले की माझा अंदाज चुकला, तुमचा निर्णय बरोबर होता, आणि आपली चूक मान्य करताना मला कधी इतका आनंद झाला नव्हता. सेनापतींच्या दप्तरांत अशी पत्रे फार सापडत नाहीत. ली-मॅलरीवर टीका करणाऱ्यांनीही हे एक पत्र त्याच्या बाजूस जमा धरले आहे.

सारांश, त्या उन्हाळ्यात हवामानाची आणि इतरांच्या प्राणांची धास्ती घेणारा कनिष्ठ म्हणून तो उभा होता. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यात आले, नोंदून ठेवण्यात आले आणि मग डावलण्यात आले. आणि डावलणाऱ्याचा डाव फळास आला. या अनुभवातून त्याने काय उचलले, हे सांगणारा कागद नाही. तरीसुद्धा हातचे काही न राखता बोलायचे तर असे वाटते की, धास्ती घेणारे चुकतात आणि रेटून नेणारे जिंकतात, हा धडा एखाद्याने त्या उन्हाळ्यातून घेतला असता तर त्याला सर्वस्वी दोष देता आला नसता.

१५ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याचे दल विसर्जित करण्यात आले. नवी नेमणूक झाली ती आग्नेय आशिया विभागाच्या वायुसेनांच्या सरसेनापतिपदावर, माउंटबॅटनच्या हाताखाली. तेथील काम लहान नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जपानी फौजा मणिपुरात शिरल्या, इंफाळला वेढा पडला, सांगशाकच्या टेकडीवर छत्रीधारी ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण पाणी तुटलेल्या अवस्थेत लढली. आणि २२ जूनला वेढा उठेपर्यंत इंफाळच्या मैदानातील फौजेचे धान्य, दारूगोळा, औषधे, सारे आकाशमार्गाने आले. आता स्लिमची चौदावी फौज चिंदविन ओलांडून मंडालेकडे उतरणार होती, आणि रस्ते नसलेल्या त्या मुलखात तिच्या प्रत्येक मुक्कामाचा शिधा पुन्हा विमानांवरच अवलंबून राहणार होता. जमिनीवरची फौज आणि आकाशातली फौज यांचा मेळ घालणे हा ज्याच्या आयुष्याचा व्यासंग, त्याला याहून जुळणारे काम मिळाले नसते. कोकणातील आणि देशावरील हजारो घरांतून गेलेले जवान त्या फौजेत होते. त्यांच्या तोंडचा घास कोणाच्या तजविजीवर येणार, हे नॉर्थोल्टच्या धावपट्टीवर त्या सकाळी ठरत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच्यासाठी सज्ज केलेले विमान एव्हरो कंपनीचे यॉर्क जातीचे होते. लँकेस्टर नावाच्या प्रसिद्ध बाँबफेक्या विमानाचे पंख आणि चार मर्लिन इंजिने तशीच ठेवून, त्यांच्याखाली प्रवासी बसतील असे चौकोनी, ऐसपैस धड जोडलेले हे वाहन तेव्हा बड्या मंडळींच्या खास सेवेत असे. चर्चिलकडे असेच एक यॉर्क होते. ली-मॅलरीबरोबर त्याची पत्नी होती. मुलगा आणि मुलगी मागे इंग्लंडात राहिली. १४ नोव्हेंबरच्या सकाळी हवा वाईट होती. विमानाच्या चालकांनी निघू नये असा सल्ला दिला, आणि सेनापतीने निघालेच पाहिजे असा आग्रह धरला: पुढे झालेल्या चौकशीत निघालेला निष्कर्ष थोडक्यात एवढाच आहे, आणि त्या सकाळी जे शब्द बोलले गेले ते कोणी टिपून ठेवलेले नाहीत. मुक्कामावर वेळेवर रुजू होण्याची सेनापतीला घाई होती. मे महिन्यात त्याने आपल्या वरिष्ठाला जे म्हटले होते, तेच आता त्याच्या कनिष्ठांनी त्याला म्हटले. अंतर इतकेच की येथे लेखी द्या असे कोणी म्हटले नाही, आणि निर्णय घेण्यापूर्वी एकटे जाऊन बसण्यास तंबूही नव्हता. हुकूम झाला, आणि आठ जण आपापल्या जागी जाऊन बसले.

विमान दक्षिणेस, फ्रान्स ओलांडून इटलीच्या रोखाने गेले. नंतर ते कोठेच उतरले नाही.

शोध पुष्कळ झाला आणि व्यर्थ गेला. बेलदोनच्या उतारावर ते जेथे आदळले होते, तेथे त्या दिवसांत पडत असलेल्या बर्फाने काही तासांतच त्याच्यावर पांघरूण घातले असणार, आणि ते पांघरूण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तसेच राहिले. खालच्या खोऱ्यातील लोकांच्या मागे तेव्हा त्यांचे स्वतःचे व्याप कमी नव्हते. वाझाँ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरी परगण्यात प्रतिकारवाद्यांची ठाणी होती. ऑगस्टात तेथे जर्मनांशी झुंजी झडल्या होत्या. २२ ऑगस्टला ग्रनोब्ल मोकळे झाले होते. तेव्हा नोव्हेंबरचा हा हिवाळा म्हणजे चार वर्षांनंतरचा पहिला मोकळा हिवाळा होता, आणि पूर्वेकडे इटलीच्या सरहद्दीवरील खिंडींत जर्मन फौज अद्याप ठाण मांडून होती. वाडीच्या वरच्या बर्फात काय दडले आहे याची कोणास वार्ता नव्हती.

तिकडे कँडीस सरसेनापतीची खुर्ची रिकामी राहिली. तात्पुरता कारभार गॅरड नावाच्या अंमलदाराने पाहिला. आणि १९४५ च्या फेब्रुवारीत कायम नेमणूक होऊन जो गृहस्थ तेथे रुजू झाला, तो दुसरा तिसरा कोणी नसून कीथ पार्क होता. चार वर्षांपूर्वी ज्याने पार्कच्या खुर्चीवर बसून त्याला बाजूस सारले, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आता पार्क बसला. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला हसलो असतो. इतिहासाला तेवढी लाज नसते. मध्यंतरी पार्कने १९४२ च्या उन्हाळ्यात माल्टा बेटाचे रक्षण करून, शत्रूला किनाऱ्याबाहेरच गाठावे हे आपले तत्त्व सिद्ध करून दाखविले होते. आता त्याच्या हाताखालच्या विमानांनी चौदाव्या फौजेला मंडालेपर्यंत आणि तेथून रंगूनच्या दिशेने पोसले. ३ मे १९४५ रोजी रंगून हाती आले. पाच दिवसांनी युरोपातील युद्ध संपले. आणि ज्याने या मोहिमेच्या आकाशसेनेचे नेतृत्व करावयाचे होते, तो या दोन्ही वार्तांपासून अलिप्त असा अद्याप बेलदोनच्या बर्फाखाली होता.

जून महिन्यात, बर्फ वितळून उतार उघडे पडू लागले तेव्हा, वाडीतील एका माणसाला वरच्या अंगास विमानाचे भग्न अवशेष आढळले. दहाही जण गेलेले होते. चौकशी बसली. हवामान प्रतिकूल होते हे मुख्य कारण. आणि चालकांचा सल्ला बाजूस सारून त्या स्थितीत निघण्याचा आग्रह सेनापतीने धरला नसता तर हा अपघात टळू शकला असता, हे त्याला जोडलेले वाक्य. मृत सेनापतीविषयी सरकारी चौकशीने इतके उघड लिहावे ही ब्रिटिश दप्तराच्या लौकिकास शोभणारी गोष्ट आहे. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की ज्याच्याविरुद्ध तो निष्कर्ष निघाला तो बाजू मांडण्यास उरला नव्हता, आणि ज्यांच्या बाजूने निघाला तेही उरले नव्हते.

त्यांना इंग्लंडात नेण्यात आले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाध्यांसाठी जे मंडळ १९१७ मध्ये स्थापिले, त्याने आरंभीच दोन नियम घालून दिले होते, आणि श्रीमंत व मानी घराण्यांनी त्यांवर त्या काळी मोठे काहूर माजविले होते. एक, माणूस ज्या भूमीत पडला तीतच त्याला ठेवावे, पैसा आहे म्हणून कोणाचे शव घरी नेऊ देऊ नये; आणि दुसरा, समाधिशिलेत हुद्द्यावरून भेद करू नये, सरदाराची शिला शिपायाच्या शिलेहून एक बोटभरही उंच असू नये. या नियमांमागील समबुद्धी सर्वत्र सारखी पाळली गेली असे नव्हे. आशिया आणि आफ्रिकेतील कित्येक शिपायांच्या वाट्याला नावाची शिलासुद्धा आली नाही, हे त्या मंडळाने स्वतःच अलीकडे कबूल केले आहे. परंतु फ्रान्सच्या भूमीत पडलेल्या या आठ चालकांना तो नियम लाभला. ज्याचा हुकूम पाळला त्याच्याशी हुद्द्याने त्यांचे जे अंतर नॉर्थोल्टच्या धावपट्टीवर होते, ते वाडीच्या त्या लहानशा दफनभूमीत उरले नाही. डॉरिसही तेथेच आहे.

वाडीने ही थडगी परकी मानली नाहीत. अपघाताला ६० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २००४ मध्ये, आलमोंच्या ग्रामसभेने अपघातस्थळाखालच्या या वाडीत त्या विमानाच्या आणि त्या दहा जणांच्या आठवणीसाठी एक लहानसे संग्रहालय उघडले. शहरांतील विजयस्तंभ सरकारे उभारतात आणि त्यांचा खर्च खजिन्यातून होतो. येथे ज्यांचा या माणसांशी ना रक्ताचा संबंध ना भाषेचा, त्यांनी आपण होऊन ही जबाबदारी पत्करली. आपल्याही कानांना हे अगदी नवखे नाही. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हा मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक त्याच १९४४ च्या जुलैत इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, साऱ्या साथीदारांमागे एकटा शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर चालून जाऊन पडला आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्याच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने एक सूर्यघटिका उभारली. डोंगरातल्या गावांना बहुधा ठाऊक असते की आपल्या रानात जो पडला तो आपला.

थोरल्या भावाचा शोध या साऱ्यानंतरही बरीच वर्षे चालूच होता. १ मे १९९९ रोजी, तो ढगाआड गेल्याला ७५ वर्षे होत आलेली असताना, एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर अमेरिकन गिर्यारोहकांना जॉर्ज मॅलरीचा देह पालथा, थिजलेला, कमरेभोवतीच्या तुटक्या दोरीसह आढळला. त्यांनी त्यावर दगड रचले, ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे प्रार्थना म्हटली आणि ते खाली उतरले. मॉबर्लीच्या चर्चमध्ये जॉर्जच्या नावाची रंगीत काचेची खिडकी आहे. परंतु दोघांही भावांना अखेर मूठमाती दिली ती अनोळखी माणसांनी, एकाला वर्षानुवर्षे कोणी न फिरकणाऱ्या उतारावर आणि दुसऱ्याला रस्त्याकाठच्या वाडीत.

ओ दोलच्या खोऱ्यात आता वरच्या बाजूस ग्राँ-मेझोंचे मोठे धरण झाले आहे, आणि रात्री खालचे पाणी वर चढवून दिवसा त्यापासून वीज करणारे त्याचे केंद्र फ्रान्समधील त्या जातीचे सर्वांत मोठे मानले जाते. दर साल नोव्हेंबरच्या सुमारास ग्लाँदों आणि क्रुआ द फेर या दोन्ही खिंडींचे रस्ते बर्फामुळे बंद होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा उघडतात.